वाद्याला मखर नको

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. न्यू यॉर्कपासून तासाभराच्या अंतरावर त्यांचे घर आहे. त्या घराच्या तळघरात एकतीस कोंगे आहेत, आणि त्यांतला एकही वाजत नाही. बिघडले आहेत म्हणून नव्हे. वाजवायचे नाहीत असा त्या घराचा नियम आहे म्हणून. खोलीत हवेचा दमटपणा मोजणारे एक यंत्र आहे, तो पन्नास टक्क्यांवर राखणारे दुसरे यंत्र आहे, खिडक्यांना जाड पडदे आहेत, आणि प्रत्येक वाद्यापुढे पुठ्ठ्याची एक चिठ्ठी आहे : कारागीर, गाव, अंदाजे साल, लाकूड, आणि शेवटी, 'कातडे मूळचे.' हे शेवटचे शब्द उच्चारताना गृहस्थांचा आवाज देवघरात बोलावे तसा खाली येतो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला ती खोली दाखवली आणि निघताना विचारले, कसे वाटले? मी म्हणालो, फार छान. हे मी खोटे बोललो. त्या खोट्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझी बाजू प्रथमच सांगून टाकतो. मी मूळचा मिरजेचा. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांवरून आमची शाळेची वाट जात असे. लहानपणी चार वर्षे तबला शिकलो आणि परीक्षेच्या धास्तीने सोडला. १९७९ साली नोकरीसाठी न्यू यॉर्कला आलो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात एका रविवारी सेंट्रल पार्कच्या तळ्याकाठी क्यूबा आणि पोर्टो रिकोची मंडळी रुंबा वाजवीत बसलेली पाहिली. तबल्याचा सुटलेला हात त्या आवाजाने पुन्हा शिवशिवू लागला. तेव्हापासून जुने कोंगे विकत घेणे, दुरुस्त करणे, आणि पुढे पुढे नुसते साठवणे, हा माझा उद्योग झाला. म्हणजे या वादात मी तटस्थ नाही. ज्यांच्यावर मी आरोप करणार आहे त्यांच्याच पंगतीत माझेही पान मांडलेले होते.

कोंगा म्हणजे काय हे मराठी वाचकाला थोडक्यात सांगितले पाहिजे. मुंबईच्या चित्रपटगीतांतून त्याचा आवाज आपण सर्वांनी ऐकलेला आहे. हिंदी चित्रपटसंगीतात बोंगो, कोंगा ही मंडळी आणण्याचे श्रेय कावस लॉर्ड या पारशी वादकाला दिले जाते. पण ऐकलेली वस्तू पाहिलेली असतेच असे नाही. कोंगा म्हणजे सुमारे तीस इंच उंचीचे, मधे फुगीर व खाली निमुळते होत गेलेले, तळाला उघडे असे लाकडी पिंप. वरच्या तोंडावर कातडे ताणलेले. ते नुसत्या हातांनी वाजवायचे. क्यूबात त्याला तुंबादोरा म्हणतात. त्याची भावंडे तीन : लहान तोंडाचा, चढ्या आवाजाचा किंतो, मधला सेगुन्दो, आणि खर्जाचा तुंबा. तोंडाचा व्यास अकरा इंचांपासून साडेबारा इंचांपर्यंत. रुंब्यात खालचे दोघे ठेका धरून बसतात आणि किंतो नाचणाऱ्याच्या पावलांशी सवाल-जवाब करतो.

हे वाद्य कुणी घडवले? मध्य आफ्रिकेतून, कांगो नदीच्या खोऱ्यातून, उसाच्या मळ्यांवर राबायला आणलेल्या गुलामांच्या वंशजांनी. क्यूबातली गुलामगिरी १८८६ साली कायद्याने संपली. त्यांच्या पूर्वजांचे ढोल अखंड लाकूड पोखरून केलेले असत. क्यूबात त्यांच्या हाती पिंप बांधण्याची विद्या आली, आणि त्यांनी फळ्या वाकवून, एकमेकींना चिकटवून, लोखंडी कड्यांत आवळून पिंपासारखा ढोल केला. ज्या मालाच्या पिंपांखाली त्यांच्या पाठी वाकल्या, त्याच पिंपाला त्यांनी गायला लावले. यात काव्य करण्यासारखे पुष्कळ आहे; मी ते करीत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की हे वाद्य जन्मापासूनच जोडकामाचे आहे. ते कुणा एका कलावंताने एका क्षणी निर्माण केलेले शिल्प नव्हे. हाताशी जे होते त्यातून, मोडले तर सांधून, फाटले तर बदलून ते झालेले आहे.

आणि ते वाजू नये म्हणून थोडे प्रयत्न झाले नाहीत. १९२५ साली सांतियागो शहराच्या महापौरांनी, देसिदेरिओ आर्नाझ यांनी, रस्त्यावरच्या कोंगा मिरवणुकींवर बंदी घातली. सभ्य समाजाला न शोभणारा रानटी धिंगाणा, हे त्यामागचे तत्त्वज्ञान. दैवाचा विनोद असा की त्याच महापौरांचा मुलगा देसी आर्नाझ पुढे अमेरिकेत परागंदा होऊन आला आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस गळ्यात कोंगा अडकवूनच त्याने पैसा आणि कीर्ती मिळवली. १९४० च्या सुमारास आर्सेनियो रोद्रीगेस या अंध वादकाने आपल्या वाद्यवृंदात कोंग्याला मानाची जागा दिली. १९४७ च्या सप्टेंबरात चानो पोझो डिझी गिलेस्पीच्या जाझवृंदाबरोबर न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवायला बसला. रस्त्यावरून हाकललेले वाद्य वीस-बावीस वर्षांत तिथवर पोचले. कांदिदो कामेरो याने दोन आणि मग तीन कोंगे वेगवेगळ्या स्वरांत लावून एकट्याने वाजवण्याची रीत घातली. तो २०२० साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी गेला. २०१६ साली युनेस्कोने क्यूबाचा रुंबा मानवजातीच्या वारशात नोंदवला. महापौरांच्या बंदीचा निकाल असा लागला.

आता मी माझ्या आरोपाकडे येतो. महापौरांनी कोंगा रस्त्यावर बंद केला. आमचे संग्राहक तो तळघरात बंद करीत आहेत. महापौरांच्या मनात तिरस्कार होता, संग्राहकांच्या मनात भक्ती आहे, हा फरक मला मान्य आहे. परिणामात मला फरक दिसत नाही. वाद्य मुके झाले ते झाले.

संग्राहक म्हणतात, हा अन्याय आहे. आम्ही नसतो तर ही वाद्ये केव्हाच कचऱ्यात गेली असती. यात सत्याचा अंश मोठा आहे. १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने क्यूबाशी व्यापार तोडला आणि हवानाहून येणारे कोंगे थांबले. मार्टिन कोहेन या इंजिनियरने न्यू यॉर्कमध्ये १९६४ साली 'लॅटिन पर्कशन' काढली ती याच टंचाईमुळे. त्याआधी दहा वर्षे, १९५४ मध्ये, लॉस एंजेलिसला मारियानो बोबादिया यांची 'गॉन बॉप्स' सुरू झालेली होती. पुढे काचतंतूंचे, न तडकणारे, मोठ्या आवाजाचे कोंगे निघाले, आणि हवानाच्या व्हेरगारांसारख्या कारागिरांची जुनी लाकडी वाद्ये अडगळीत पडली. कुणी त्यांचे स्टूल केले, कुणी छत्र्या ठेवायला घेतली. मी स्वतः एक कोंगा केशकर्तनालयाच्या दारात कुंडी म्हणून उभा असलेला पाहिला आणि वीस डॉलरला सोडवून आणला. संग्राहकांनी ही वाद्ये वाचवली, हे त्यांचे पुण्य. पण बुडत्याला वाचवले म्हणून त्याला जन्मभर कोंडून ठेवण्याचा हक्क मिळत नाही.

त्यांचा पहिला मुद्दा मूळपणाचा. वाजवले तर कातडे फाटेल, आणि कातडे बदलले की वाद्य मूळचे उरणार नाही. ही कल्पना मला मुळातच चुकीची वाटते. ज्याच्या अंगाचा सर्वांत महत्त्वाचा भाग झिजून जाण्यासाठीच असतो, त्याचा मूळपणा त्या भागात शोधणे म्हणजे विहिरीचा मूळपणा पहिल्या दिवशीच्या पाण्यात शोधण्यासारखे आहे. आपल्याकडे तबल्याची पुडी बदलतात. चांगल्या वाजवणाऱ्याची तर वर्षातून अनेकदा बदलते. पण तीन पिढ्यांच्या शिसवी खोडावर नवी पुडी चढवली म्हणून आजोबांचा तबला आजोबांचा राहिला नाही असे कुणाला वाटत नाही. उलट आजोबांनी वाजवलेली जुनी पुडी तशीच ठेवून जर कुणी तबला कपाटात टाकला, तर घरातली माणसे म्हणतील, तबला बंद पडला.

मिरजेची गोष्ट सांगतो. तंबोऱ्याची जवारी बिघडली की तो कारागिराकडे येतो. कारागीर घोडीचा पृष्ठभाग अगदी हलक्या हाताने घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा घासतो. प्रत्येक वेळी घोडीचा थोडासा अंश कमी होतो. जवारी काढणे म्हणजे वाद्याला झिजवणे. पुरेशा वेळा काढली की घोडीच बदलावी लागते. तरीही उभ्या मिरजेत मी असा माणूस पाहिला नाही की जो म्हणेल, घोडी मूळची आहे, हात लावू नका, बेसूर वाजला तरी चालेल. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ते त्या गावच्या हातांतल्या विद्येला मिळाले असे मी समजतो, आणि ती विद्या घासण्यात, बदलण्यात, पुन्हा लावण्यात आहे. जपणे आणि झिजवणे ही तिथे एकच क्रिया आहे. आमच्या संग्राहकांना हे पटत नाही, कारण त्यांच्या जपण्यात वाद्याला कानच नाही. फक्त डोळा आहे.

गोव्याचे घुमट घ्या. मातीच्या मडक्याला घोरपडीचे कातडे, हे त्याचे परंपरागत रूप. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित झाली आणि ते कातडे वापरणे गुन्हा ठरले. मूळपणाच्या उपासकांच्या हिशेबाने त्या दिवशी घुमट संपायला हवे होते. पण लोकांनी बकऱ्याचे कातडे चढवले. आवाजात फरक पडला, कुरकुर झाली, आणि घुमट वाजत राहिले. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून जाहीर केले. घोरपडीचे जुने कातडे असलेले पाच-पन्नास घुमट काचेत ठेवून बाकीची आरती बंद केली असती, तर वारसा म्हणून जाहीर करायला काय उरले असते?

दुसरा मुद्दा झिजेचा. लाकूडही झिजते, सांधे हलतात, कडी वाकतात. आणि ते कारागीर आता पुन्हा येणार नाहीत. हा मुद्दा पहिल्यापेक्षा वजनदार आहे आणि त्याला झटकून टाकणे बरोबर नाही. न वाजवलेले वाद्य आपोआप मरते असली भाबडी भाषा मी करणार नाही. खोली नीट राखली तर त्या एकतीस कोंग्यांच्या फळ्या आणखी शंभर वर्षे टिकतील. पण वाद्याचे वैरी कोण हे एकदा नीट पाहिले पाहिजे. मी पंचेचाळीस वर्षांत जे कोंगे दुरुस्त केले त्यांत वाजवून बिघडलेले फार थोडे होते. बहुतेक बिघडले होते ते निष्काळजीपणाने. हिवाळ्यात शेगडीच्या नळाशेजारी ठेवलेले. कोरड्या हवेने फळ्या आकसून सांधे उघडलेले. उन्हाळ्यात मोटारीच्या मागच्या भागात कोंडलेले. वर्षानुवर्षे ताण तसाच ठेवल्याने तोंडाशी वाकडे झालेले. तळघरात पाणी शिरून बुडाशी कुजलेले. हे वैरी वाजवणाऱ्याच्या घरी असतात तसेच न वाजवणाऱ्याच्याही घरी असतात. फरक इतकाच की वाजवणाऱ्याला ते लवकर दिसतात. सांधा केसाएवढा उघडला की थापेबरोबर एक बारीक झणझण येते. ती डोळ्याला वर्षभर दिसत नाही, हाताला आणि कानाला त्याच दिवशी कळते.

तिसरा मुद्दा उघड कुणी बोलत नाही, पण पहिल्या दोघांच्या पाठीशी तोच उभा असतो. तो किमतीचा. मूळचे कातडे, मूळचा रंग, मूळची नाममुद्रा असेल तर वाद्याची किंमत चढते; एक स्क्रू बदलला की उतरते. म्हणजे मूळपणा हे इथे बाजारातले वजन झाले आहे. व्यापाराशी माझे वैर नाही. पण मग आम्ही वारसा जपतो आहोत असे म्हणू नये. आम्ही ठेव जपतो आहोत असे म्हणावे. ठेवीला आवाजाची गरज नसते.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय वरचे सगळे पोकळ आहे.

१९९६ साली ब्रॉंक्समधल्या एका वृद्ध वादकाकडून मी एक किंतो विकत घेतला. हवानाचा, १९५० च्या आसपासचा; कातडे खिळ्यांनी ठोकलेले. अशा वाद्याला स्क्रू नसतात. कातडे आचेवर धरून तापवायचे, म्हणजे ते ताणले जाते आणि सूर चढतो. दहा-पंधरा मिनिटांनी तो उतरला की पुन्हा तापवायचे. ताण देणारे स्क्रू आले आणि हा त्रास गेला. त्याचे श्रेय अनेक जण पाताटो वाल्देस या वादकाला देतात. म्हाताऱ्याच्या बोटांचे सांधे सुजले होते, आणि घरभाडे तुंबले होते. त्याने किंमत फार मागितली नाही. एक अट मात्र घातली : वाजवत जा. मी मान डोलावली. घरी आणून महिनाभर वाजवलाही. मग एका जाणकाराने तो पाहिला आणि त्याची काय किंमत येईल ते मला सांगितले. दुसऱ्या आठवड्यात मी काचेची पेटी करायला टाकली.

सहा वर्षांनी म्हातारा आमच्या घरी आला. कुणीतरी त्याला गाडीतून आणले होते. पेटीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने विचारले, जरा काढतोस का बाहेर? मी पेटी उघडली. त्याने हात पुढे केला आणि मी बोलून गेलो, सांभाळून हं, कातडे फार जुने आहे. ज्याने ते कातडे स्वतः भिजवून, ताणून, खिळे ठोकून चढवले होते, त्याला मी हे सांगितले! तो काही बोलला नाही. हात मागे घेऊन त्याने कोटाच्या खिशात घातला. बायकोने चहा केला होता. तो त्याने उभ्यानेच घेतला. त्यानंतर तो आला नाही. पुढच्या वर्षी तो गेल्याचे मला कळले तेव्हा त्याला मूठमाती मिळून तीन आठवडे झाले होते.

मी त्या दिवशी काय जपले? पन्नास वर्षांचे खेचराचे कातडे जपले. आणि त्या कातड्यावर ज्या हातांची विद्या उमटलेली होती, ते हात माझ्यासमोर असताना ती ऐकण्याची अखेरची संधी घालवली. त्या किंतोचा त्याच्या हातचा आवाज आता कुठेही नाही. ध्वनिमुद्रण नाही, माझ्या स्मरणातही नीटसे नाही. चिठ्ठीवर मात्र 'कातडे मूळचे' हे शब्द होते. आणि तो विनोद पुरा व्हायचा बाकी होता : २००४ च्या कडक थंडीत, घरातल्या कोरड्या हवेत, ते मूळचे कातडे पेटीतल्या पेटीत, कुणी बोट न लावता, खिळ्यांच्या रांगेपासून फाटले.

या गोष्टीवरून कुणी असा समज करून घेऊ नये की मी दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो आहे. दुसऱ्या टोकालाही एक टोळी आहे आणि तिच्याशी माझे भांडण अधिकच कडू आहे. ही मंडळी जुना कोंगा आणतात, यंत्राने घासून त्याचे अंग उघडे करतात, वर काचेसारखे रोगण चढवतात, जुनी कडी फेकून चकचकीत नवी बसवतात, कातड्याऐवजी प्लास्टिकचा पडदा लावतात, आणि म्हणतात, बघा, नवा जन्म दिला. हा नवा जन्म नव्हे. सत्तर वर्षांत जिथे वाजवणाऱ्याच्या मांड्या टेकल्या तिथे लाकूड काळसर, गुळगुळीत झालेले असते. वरच्या कडेशी तळहाताच्या घामाचा पट्टा असतो. एखाद्या खेड्यातल्या मिस्त्रीने मारलेली पत्र्याची पट्टी असते. हे त्या वाद्याचे आत्मचरित्र आहे. ते पुसून टाकणारा माणूस आणि ते काचेआड टाकणारा माणूस, दोघेही त्या आत्मचरित्रात पुढचे पान लिहू देत नाहीत.

मग करायचे काय? टीका करणाऱ्याने एवढे सांगितलेच पाहिजे. जे करतो ते सांगतो. कोंगा खोलीच्या आतल्या भिंतीशी ठेवावा; शेगडी, खिडकी आणि ओल यांपासून दूर. हवेचा दमटपणा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांत राहिला तर फळ्या शांत राहतात. वाजवून झाले की सगळे स्क्रू सारख्या मापाने, पान्ह्याचा एक-दीड फेरा सैल करावेत. एकच बाजू सैल केली की कडे तिरके होते. वर्षातून एकदा स्क्रूंच्या आट्यांना तेलाचा थेंब. उघडलेला सांधा रंधा-लांबीने बुजवू नये. लाकूड हळूहळू दमटपणावर आणावे, मग सरस भरून पट्ट्याने आवळावे. कातडे फाटले तर शोक करू नये. खेचराचे वा बैलाचे चांगले कातडे आणावे, रात्रभर पाण्यात भिजवावे, चढवावे, आणि आठवडाभर सावलीत सुकू द्यावे. जुन्या कातड्याचा तुकडा, जुना खिळा, जुना स्क्रू नाव घालून डबीत ठेवावा. अभ्यासकाला तो पुरतो. काढायची झालीच तर धूळ काढावी, डाग काढू नयेत. आणि आठवड्यातून एकदा तरी, ज्याला येते त्याने तो वाजवावा. ज्याच्या मालकीचा आहे त्यानेच, असे मी म्हणत नाही.

अपवाद आहेत का? आहेत. एखाद्या कारागिराच्या हातचे एकच वाद्य उरले असेल, एखादे इतके खिळखिळे झाले असेल की पहिल्या थापेला उकलेल, तर ते संग्रहालयात विश्रांती घेवो. संग्रहालय हे ठिकाण त्यासाठीच आहे. तिथे निदान दार सर्वांना उघडे असते, आणि अभ्यासकाला मोजमाप घेऊन तसेच दुसरे वाद्य घडवता येते. पण तळघरातले एकतीस कोंगे हे एकतीस अपवाद असू शकत नाहीत. नियम कोणता आणि अपवाद कोणता याचीच तिथे अदलाबदल झालेली आहे.

वाचक म्हणतील, हवाना आणि ब्रॉंक्सच्या या भानगडीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. गेल्या खेपेस मी महाराष्ट्रात आलो तेव्हा तीन घरांच्या दिवाणखान्यांत भिंतीवर टांगलेला पखवाज पाहिला. तिन्हींच्या ताणाच्या वाद्या सुकून कडक झाल्या होत्या. एका हॉटेलच्या दारात संबळ होते. त्यात प्लास्टिकची फुले होती. मालक अभिमानाने म्हणाले, आमच्या संस्कृतीची आठवण म्हणून ठेवले आहे. गोंधळी अजून जिवंत आहेत, त्यांची मुले अजून संबळ वाजवतात, आणि आम्ही आठवण ठेवायला सुरुवातही केली! जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालण्याची ही घाई मला समजत नाही. गणपतीला आपण मखरात बसवतो. पण त्याच्यापुढे टाळ-मृदंग वाजतात. मृदंगालाच मखरात बसवले, तर आरतीला काय वाजवणार?

माझ्या किंतोवर २००५ साली मी नवे कातडे चढवले. तेही खिळ्यांनी ठोकून, म्हाताऱ्याच्याच पद्धतीने. तीन खिळे वाकडे गेले. काचेची पेटी विकली नाही. तिच्यात बायको आता लोणच्याच्या बरण्या ठेवते. उन्हाळ्यात रविवारी किंतो तळ्याकाठी जातो. तिथे वीस-बावीस वर्षांची एक मुलगी तो वाजवते. तिची आजी मातान्सासची. पहिल्या दिवशी तिने हात उचलला तेव्हा माझ्या तोंडी 'सांभाळून' हा शब्द आला होता. तो मी गिळला. तिने कातडे शेगडीवर तापवले, कान लावून ऐकले, आणि पहिली थाप मारली.

तळघरवाल्या गृहस्थांना मी हा लेख इंग्रजीत वाचून दाखवणार आहे. ते चिडतील. चिडू देत. त्यांच्या एकतीसांपैकी एक सेगुन्दो माझ्या किंतोच्या जोडीचा आहे, त्याच हातचा असावा असा माझा कयास आहे. येत्या जूनमध्ये एका रविवारापुरता तो मी त्यांच्याकडे मागणार आहे. कातडे फाटले तर नवे माझ्या खर्चाने, आणि जुने त्यांच्या डबीत. ते नाही म्हणाले तर जुलैमध्ये पुन्हा मागेन.